कोपरा फाडलेलं पत्र

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकतो, त्या फक्त सांगणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून. माझी वीस वर्षं टूलरूममध्ये गेली. तिथे केसाएवढा फरक पडला तरी केलेलं काम भंगारात जातं, त्यामुळे 'असं वाटलं', 'असा भास झाला' ही भाषा मला मानवत नाही. ज्याला मायक्रोमीटर लावता येत नाही त्यावर मी मत देत नाही. आमची ही म्हणते, म्हणूनच तुम्हाला कुणी गप्पांना बोलावत नाही. असेल.

तरीही हे लिहितोय. शांत चित्ताने लिहितोय असं मात्र समजू नका... दुसऱ्या पानापर्यंत दोन निबा मोडल्या आहेत.

आधी ठिकाण सांगतो. आम्ही अंबरनाथला पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवर, कारखान्याच्या दोन खोल्यांत राहतो. माझा थोरला भाऊ, दादा, बदलापूर गावात नदीकडच्या आळीत राहायचा. शाळेत संस्कृत शिकवायचा आणि घरात सोवळं. दादाच्या सोवळ्याबद्दल एवढंच सांगतो की आळीतली मांजरसुद्धा त्याच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडण्याआधी थबकायची.

चार-पाच वर्षांपूर्वी कारखान्याने मला नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. मुंबईहून बोट. मालती, म्हणजे आमची ही, धक्क्यावर आली होती. दादा आला नाही. समुद्र ओलांडणाऱ्याला निरोप द्यायला आपण जाणं योग्य की अयोग्य, याचा निर्णय त्याला पोथीत सापडला नव्हता म्हणे.

इंग्लंडच्या मधल्या भागातलं ते एक धुरकट गाव. मिसेस पार्किन नावाच्या विधवा बाईंच्या घरी वरची खोली मिळाली. पहिल्याच सोमवारी मी आंघोळीला पाणी मागितलं, तर बाईंनी काळजीने विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तिथे आंघोळ शुक्रवारी. मग हिंगाचा प्रकार. मालतीने डबीवर चार फडकी गुंडाळून हिंग दिला होता. तिसऱ्या दिवशी बाईंना घरात गॅस गळतोय असा वास आला. गॅसवाला आला, नाकाने हुंगत हुंगत जिना चढला, आणि माझ्या कपाटाशी थांबून अदबीने म्हणाला, "मिस्टर, हे जे काही आहे, ते मरून किती दिवस झाले?"

पण सुखंही होती, खोटं कशाला बोलू. सकाळी दाराशी येणाऱ्या दुधाच्या बाटलीच्या गळ्याशी बोटभर साय असायची आणि बाई ती माझ्यासाठी ठेवायच्या. रेशनवर माझ्या वाटचं येणारं डुकराचं मांस मी बाईंना देऊन टाकायचो आणि त्या मला त्यांच्या वाटचं चीज द्यायच्या. रविवारी ताजा पाव, त्यावर लोणी, लोण्यावर मालतीचं लिंबाचं लोणचं. शिवाय गरम पाण्याची रबरी पिशवी! त्या थंडीत त्या पिशवीने माझ्यावर जेवढी माया केली तेवढी... जाऊ दे. हा मजकूर ही वाचणार आहे.

एवढं सोडलं तर मी तिथे उपाशी होतो. उकडलेला कोबी, उकडलेला बटाटा आणि बदल म्हणून उकडलेलं गाजर. अंडंसुद्धा खाल्लं नाही. का? तर दादाला शब्द दिला होता. पँट कमरेवर राहावी म्हणून पट्ट्याला नवी भोकं पाडली ती तिथल्याच लेथवर.

अशात एप्रिलअखेर दादाचं पत्र आलं. आमच्याच कारखान्यातले एक गृहस्थ माझ्या आधी ट्रेनिंग संपवून परत गेले होते. ते स्वतः तिथे काय काय खात होते ते मी पाहिलं आहे, पण ते राहो. त्यांनी बदलापुरात सांगितलं म्हणे की तिकडे सगळेच सगळं खातात. दादाने लिहिलं होतं, "तू अभक्ष्यभक्षण करतोस हे कळले. परत आल्यावर प्रायश्चित्त घेतल्यावाचून माझ्या घराचा उंबरा ओलांडू नये. तोवर सौ. मालतीनेही आमच्या सोवळ्यात येऊ नये."

तुम्ही कल्पना करा. समोर ताटात कोबी. पोटात कोबी. उद्याही कोबीच. आणि हा माणूस मला न विचारता, तिकडे बसून, माझ्याबरोबर माझ्या बायकोलाही बाहेर बसवतोय!

मी तिथल्या तिथे कागद ओढला. श्री घातला नाही. जन्मात पहिल्यांदा. आरंभच केला, "आजपासून तुम्हा सर्वांच्या लेखी मी मेलो." खाली तीन पानं भरून मी काय खातो आणि काय खात नाही त्याचा हिशेब, आणि शेवटी दादाच्या पोथ्यांविषयी चार शब्द, जे इथे छापता येणार नाहीत. एवढ्यानेही भागलं नाही. आपल्याकडे कुणी गेल्याचं पत्र कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. वर श्री नसतो, एक कोपरा फाडलेला असतो. ते हातात पडलं की वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. तर मी रागाच्या भरात माझ्या पत्राचा वरचा उजवा कोपरा टरकन फाडला. पाकिटात घातलं, आणि मत बदलायच्या आत धावत जाऊन पेटीत टाकलं.

घरी परतल्यावर सगळ्यांना मी सांगितलं की कोपरा टपालात फाटला असणार. ते का खोटं बोललो ते पुढे येईलच.

आता बदलापूरकडे काय झालं ते सांगतो. हे सगळं मालतीच्या तोंडून ऐकलेलं, आणि मालती वाढवून सांगत नाही. वाढवायला तिला माझ्यासारखा रिकामा वेळ नसतो.

पत्र दादाच्या हाती पडलं. श्री नाही, कोपरा नाही, पहिल्या ओळीत 'मी मेलो'. दादाने पत्र फाडून नदीत सोडलं, डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी अंबरनाथला आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"मालती, नारू गेला," तो म्हणाला आणि ओट्यावर बसला. रडत होता म्हणे. हे मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. राग नीट करता आला असता.

मालतीने विचारलं, "कुणी कळवलं?"

"पत्र आलं. कोपरा फाडलेलं."

"अक्षर कुणाचं?"

"त्याचंच."

"दादा, गेलेला माणूस आपल्या हाताने पत्र लिहितो?"

"शेवटच्या घटकेला लिहिलं असेल. घरमालकिणीने टपालात टाकलं असेल."

"आणि कोपरा? तो त्या मडमेने फाडला? तिला हो काय ठाऊक आपली रीत?"

दादा म्हणाला, "श्री नव्हता ग, श्री नव्हता! नारू श्रीवाचून लिहील का?"

मी लिहिणार नाही हे तिलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी कारखान्याच्या ऑफिसात गेली. तिथे सांगितलं की चौकशी करू, पण योग्य मार्गाने करू. मार्ग योग्य असला की तो लांबचा असतोच. ती दादाला म्हणाली, उत्तर येईपर्यंत थांबा. दादा म्हणाला, "सुतक तारेची वाट बघत नाही." आणि पळसाच्या पानांचा माझा पुतळा करून त्याने बदलापूरच्या घाटावर मला रीतसर जाळला. पुतळा फारच बारीक झाला होता असं वहिनी म्हणाली. तेवढं मात्र बरोबर होतं.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, मनाने वाईट नाही. पण आळीतल्या बायका रोज येऊन तिला विचारायच्या, की अजून मालतीच्या कपाळाला कुंकू कसं? हातात बांगड्या कशा? ही कुणालाच दाद देत नव्हती. तिच्या बाजूने बोलणारी एकच, आमच्याकडे पापड विकायला येणारी उल्हासनगरच्या कॅम्पातली जेठीबाई. एकदा वहिनी आमच्याकडे आलेली असताना ती टोपली उतरवून आमच्या पायरीवर बसली आणि वहिनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चिट्ठी से कोई मरता है क्या? मेरे आदमी को भी सब बोला, कराची में खलास हो गया. आठ महीना मैंने चूड़ी नहीं उतारी. एक दिन कल्याण स्टेशन पे खड़ा था, मेरे कू बोलता है, चाय पिला!"

शेवटी दादाने समेट म्हणून एक तोड काढली, आणि हिनेही मान्य केली. दहाव्याला खरा कावळा पिंडाला शिवला, तर मालतीने आपल्या हाताने बांगड्या फोडायच्या. नाही शिवला, तर ऑफिसकडून उत्तर येईपर्यंत कुणी तिच्या अंगाला हात लावायचा नाही.

म्हणजे बघा. माझ्या बायकोच्या बांगड्या एका कावळ्याच्या भुकेवर टांगलेल्या. आणि मी तिकडे फुरंगटून बसलोय की पंधरा दिवस झाले, घरून साधं चार ओळींचं पत्र नाही! 'बरं,' मी म्हणत होतो, 'तुम्हाला राग, तर मलाही राग.'

दहाव्याच्या दिवशी घाटावर वैशाखाचं ऊन. उल्हास नदीला पाणी गुडघाभर. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले. खडकावर एक कावळा येऊन बसला. पिंडापासून दोन हात. बघतोय, शिवत नाही.

दादा हात जोडून म्हणाला, "नारू, मालतीला अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाली, "तुमच्या आवडीचं लोणचं दरवर्षी घालीन हो." नाही. भटजी घड्याळ बघायला लागले, त्यांना अकराची गाडी पकडून कल्याणला दुसरीकडे जायचं होतं. दादाचा पारा चढला. "अरे, प्रायश्चित्त माफ! मालतीचं सोवळं माफ! आता तरी शीव, हट्टी माणसा!" कावळा मान वाकडी करून नुसता बघत राहिला. भटजी म्हणाले, मग आता दर्भाचा कावळा करून शिवायला हरकत नाही. तशी शास्त्रात सोय आहे.

मालती पिंडाच्या आणि दादाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "गवताचा कावळा चालायचा नाही. खरा ठरला होता." आणि कावळ्याकडे वळून, दात-ओठ खाऊन म्हणाली, "शिवलास तर बघ!"

कावळा उडाला. पिंडाला चोच न लावता. भटजी म्हणाले, अकरा वाजले, गाडी गेली माझी.

आता माझ्याकडची गोष्ट. इथे मी जे सांगतो ते मोजून-मापून सांगतो.

तोच दिवस. तारीख मी नंतर ताडून पाहिली आहे, एकदा नव्हे. सकाळी खिडकीशी दाढी करत होतो. ऊन पडलेलं. खिडकीबाहेरच्या दगडी कट्ट्यावर एक कावळा येऊन बसला. तिथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा मोठे आणि नखशिखांत काळे असतात. ह्याची मान आपल्याकडच्या कावळ्यासारखी राखी होती. तिथे राखी मानेची एक लहान जात आहे, हे मला नंतर तिथल्या वाचनालयात कळलं. पण तिचे डोळे पांढुरके असतात. ह्याचे काळेभोर होते. माझ्यापासून हातभर अंतरावर होता, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही.

मला बरं वाटलं. पावाचा तुकडा मोडून ठेवला. बघतोय, खात नाही. लोणी लावून ठेवलं. नाही. चीज ठेवलं. नाही. नुसता माझ्याकडे बघतोय, आणि कसा? संतापून. कावळा संतापलेला कसा दिसतो ते मला विचारू नका, पण आरशात त्याच वेळी माझा चेहरा दिसत होता आणि दोन्हींत फरक नव्हता.

माझंही डोकं फिरलं. घरी कुणाला माझी पर्वा नाही, आता हाही! आणि मग आपल्याकडे दहाव्याला घाटावर चालते ती गंमत आठवून, चिडवायचं म्हणून, मी त्याला हात जोडले. "काय राहिलंय बाबा तुझं? बोल! दादाला माफ केलं, जा." हलला नाही. "मालतीला पत्र लिहितो." हलला नाही. उलट एक पाऊल पुढे आला आणि काचेवर चोच आपटली. एकदा. आवाज अजून कानात आहे.

"बरं, बरं! पत्र नाही, तार करतो. आज! आजच्या आज! झालं?"

त्याने लोणी लावलेला तुकडा उचलला आणि उडाला. त्याच क्षणी गिरणीचा साडेसहाचा भोंगा वाजला. उन्हाळ्यात तिथे घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणजे त्या दिवसांत बदलापुरात बरोबर अकरा.

मी चेहऱ्याला अर्धा साबण तसाच ठेवून बसून राहिलो. मिसेस पार्किन चहा घेऊन आल्या, कट्ट्यावरचं चीज पाहून त्यांनी विचारलं, "हे कुणासाठी?" मी म्हटलं, "पाहुणे आले होते. कावळा." त्या म्हणाल्या, "कावळा? ह्या खिडकीत कधी येत नाहीत." दुपारच्या सुट्टीत पोस्टात जाऊन मालतीच्या नावाने तार केली, "प्रकृती उत्तम. राग नाही." दुसरं वाक्य खोटं होतं, पण तार करताना माणूस थोडक्यात लिहितो.

तार दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथला पोचली. मालतीने ती पदरात बांधली, बदलापूरला गेली आणि तेराव्याच्या तयारीला लागलेल्या दादाच्या पुढ्यात ठेवली. फक्त हात पुढे करून बांगड्या वाजवल्या.

नऊ महिने संपवून मी परत आलो. मला वाटलं होतं दादा मिठी मारेल. दादा पोथी घेऊन बसला होता! ज्याचं और्ध्वदेहिक झालं तो जिवंत परतला तर त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, त्याचं जातकर्म, बारसं, मुंज सगळं पुन्हा करायचं, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. चाळिशीच्या, टक्कल पडत चाललेल्या माणसाचं बारसं! मी विचारलं, "पाळण्यात कसा मावणार मी?" दादा गंभीरपणे म्हणाला, "पाळण्याला हात लावला तरी पुरे."

मी ओरडलो, "आधी एक सांग. ते पत्र तू पुरतं वाचलं होतंस की नाही?"

दादाने पोथी मिटली. "कोपरा नसलेलं पत्र कुणी पुरतं वाचत नाही."

ह्याचा अर्थ काय लावायचा? नुसती पहिली ओळ वाचून फाडलं असेल, तर तो मूर्खपणा. सगळं वाचून, रागाने माझा शब्द खरा केला असेल, तर तो सूड. मी दोन्हींचा राग केला, एकावर भागवलं नाही. आणि घरच्यांनी कोपऱ्याचं विचारल्यावर बेधडक सांगितलं, "टपालात फाटला असेल! तेवढ्यावर तू माझ्या बायकोच्या बांगड्यांवर उठलास?" त्या क्षणापासून सगळं घर माझ्या बाजूला आलं. वहिनीसुद्धा. दादा एकटा पडला. पोथी उचलून आत गेला. चार वर्षं आम्ही एकमेकांशी बायकांमार्फत बोललो. "ह्यांना विचार, चहा घेणार का." "त्यांना सांग, घेतला."

परवाच्या माघात दादा गेला. चार दिवसांचा ताप.

दहाव्याला तोच घाट. पिंड दादाचा मुलगा श्रीधर याने ठेवला. कावळा आला, खडकावर बसला, दोन हातांवर. श्रीधर म्हणाला, "आईला सांभाळीन." शिवला नाही. "तुमच्या पोथ्या विकणार नाही." नाही. वहिनीने रडत काहीबाही कबूल केलं. तास झाला. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मालतीने कोपराने ढोसलं. "बोला ना."

मी पुढे झालो. "दादा, झालं गेलं विसरलो मी."

कावळा हलला नाही. साहजिक आहे, मी विसरलो नव्हतो.

आणि मग मला असा राग आला म्हणता! दादाचा, कावळ्याचा, त्या कोबीचा, आणि मागे उभ्या असलेल्या आळीतल्या सगळ्या माणसांचा, जी चार वर्षं मला बिचारा म्हणत आली होती. मी घाटावर सगळ्यांदेखत ओरडलो, "नाही विसरलो! राग गेलेला नाही माझा! पण कोपरा टपालात फाटला नव्हता, दादा. मी फाडला होता. मी. मुद्दाम. रीत माहीत असून."

कावळा खडकावरून उतरला, दोन उड्या मारत आला, आणि शिवला.

सगळे हुश्श करून उठले. कुणी म्हणालं, भुकेला होता. कुणी म्हणालं, माणसं मागे सरकली म्हणून आला. एकटी मालती बसून राहिली. तिचा हात दुसऱ्या हाताच्या बांगड्यांवर होता.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी पोस्टाला शिव्या घातल्या. आणि दादांनाही." तेवढंच. त्यानंतर अंबरनाथपर्यंत आणि पुढचे अकरा दिवस एक अक्षर नाही. बाराव्या दिवशी बोलली, ते "मीठ द्या" म्हणून.

कावळ्यांचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. राखी मान, काळे डोळे, साडेसहा आणि अकरा. सगळी मापं घेऊन झाली, जुळत कशाशीच नाहीत. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. पण एक शंका छळते. दादाने ते पत्र पुरतं वाचलं असेल, तर कोपरा माझ्याच हाताने फाटलाय हेही त्याला कळलं असणार, कारण फाडल्यावर अगदी तळाशी मी तसं एका ओळीत लिहिलंही होतं, मघाशी ते सांगायचं टाळलं. मग चार वर्षं, सगळं घर त्याच्यावर उलटलेलं असताना, त्याने मला उघडं का पाडलं नाही?

हे विचारायला आता कुणाला पत्र लिहू?

हा मजकूर संपादकांना पाठवायचा म्हणून सकाळी मी पाकीट घेतलं, तशी ही आतून आली. कागद माझ्या हातातून काढून घेतले. वर श्री आहे ना ते पाहिलं. मग एकेका पानाचा एकेक कोपरा अंगठ्याने चाचपला, आणि कागद परत दिले.